सूर्यास्ताची शोभा व तिचें शास्त्र

आश्विनांत पाऊस सरला कीं साताऱ्यास यवतेश्वराच्या डोंगरामागें व सांगलीस कृष्णेच्या पाण्यावर सायंकाळीं जे रंग उमटतात, ते कोणीं पाहिले नाहींत? तथापि त्यांचें कारण सांगूं लागलें म्हणजे कित्येक वडील मंडळी म्हणतात कीं, शास्त्र शिकून मुलांची रसिकता मात्र जाते. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

सूर्याच्या शुभ्र प्रकाशांत सर्व रंग असतात. हवेचे सूक्ष्म कण त्यांपैकीं निळा प्रकाश अधिक विखुरतात, तांबडा फार थोडा. पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं हा नियम गणितानें मांडला. मावळतीच्या वेळीं किरणांस, सूर्य डोक्यावर असतां लागते त्याच्या सुमारें ३८ पट हवा ओलांडावी लागते. वाटेंत निळा रंग विखुरून जातो व नारिंगी आणि तांबडा तेवढा आपणांपर्यंत पोंचतो. १८८३ च्या ऑगस्टांत क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हां कित्येक महिने जगभर संध्याकाळ रक्तवर्ण दिसली व मद्रासेकडे सूर्यच हिरवट दिसला. हें कळल्यानें कुतूहल उणें होईल कीं वाढेल?

यावरून जितका धूर तितके रंग अधिक, असा तर्क कोणी करील. पण तो भ्रम होय. ज्वालामुखीचे ते कण अति उंच व अतिसूक्ष्म होते. जमिनीलगतच्या धुळीचा व धुराचा दाट थर सर्वच प्रकाश अडवितो आणि आकाश मळकट होतें. पावसानें धुतलेली हवा हीच रंगांची खरी सोबतीण. आपल्या या दोन्ही जिल्ह्यांत ऊस तुटल्यावर पाचट पेटविण्याची चाल अनेक शिवारांत आहे. तिनें संध्येची शोभा तर जातेच, शिवाय कुजून खत झालें असतें तें जळतें, आणि लेंकरांच्या छातींत धूर भरतो.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलांस एकदां अजिंक्यताऱ्यावर वा आयर्विन पुलावर न्यावें, कारण समजावून सांगावें, आणि मग घटकाभर मुकाट्यानें पश्चिमेची शोभा पाहूं द्यावी. सृष्टिकर्त्याच्या कृतीचा महिमा तिचा नियम कळल्यानें कमी होत नाहीं. उलट, ज्या विद्यार्थ्यास तो नियम कळला, तोच उद्यां आपल्या शेतांत काडी ओढण्यापूर्वीं क्षणभर थांबेल.