ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातून जात वगळू नका

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार शिक्षकांसोबत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. शिक्षकेतर म्हटलं की ग्रंथालयातले कर्मचारीही आले.

हे गरजेचंच होतं. प्राध्यापक तासाभरापुरते भेटतात. ग्रंथालयातला कर्मचारी मात्र दार उघडल्यापासून दिवे बंद होईपर्यंत मुलांना पाहत असतो. आणि तिथे सर्वांत जास्त वेळ कोण बसतं? ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, ज्यांना पुस्तकं विकत घेणं परवडत नाही, ज्यांना होस्टेलच्या खोलीत टोमणे ऐकावे लागतात ती मुलं. भीमजयंतीला सलग 18 तास अभ्यासाला बसणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ग्रंथालय ही हक्काची जागा आहे. रोज येणारा मुलगा आठवडाभर फिरकला नाही, मैत्रिणींसोबत बसणारी मुलगी एकटी बसू लागली, हे आधी काउंटरवर कळतं.

पण प्रशिक्षण म्हणजे ‘ताणाचं नियोजन’ आणि ‘सकारात्मक विचार’ यांवरचं दोन तासांचं भाषण असेल, तर त्याचा उपयोग नाही. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्महिने थकली होती. त्यावर दीर्घ श्वास घ्यायला सांगणं हा उपाय कसा असेल? व्यवस्थेने केलेल्या जखमेला विद्यार्थ्याचा कमकुवतपणा ठरवणं हाही भेदभावच आहे. म्हणूनच राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया 2019 पासून सर्वोच्च न्यायालयात कॅम्पसमधला जातिभेद रोखणारी यंत्रणा मागत आहेत.

मग प्रशिक्षणात काय हवं? पहिलं, ग्रंथालयाने स्वतःचे नियम तपासावेत. शिष्यवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्याचा निकाल उशिराच्या दंडापायी ‘नो ड्यूज’वर अडत असेल, तर त्रास देणाऱ्यांत आपणही आहोत. दुसरं, विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेलं विभागप्रमुखाच्या कानावर घालायचं नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र त्याला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मदत बोलवायची. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक काउंटरवर लावलेला असावा. तिसरं, कर्मचाऱ्याला दोन्ही दारं माहीत हवीत: समुपदेशकाचं आणि जातिभेदाची तक्रार घेणाऱ्या कक्षाचं. फक्त पहिलं दार दाखवलं, तर छळणारा मोकळा राहतो आणि विद्यार्थी ‘रुग्ण’ ठरतो.

आणखी एक. ग्रंथालयातले अनेक कर्मचारी कंत्राटी आहेत, तुटपुंज्या पगारावर आहेत, त्यातले कित्येक आपल्याच वस्त्यांतून आले आहेत. त्यांना समुपदेशक बनवू नका. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या आणि त्यांचाही छळ होत असेल तर तो ऐकून घ्या.

आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन विचारा: हे प्रशिक्षण झालं का? त्यात जातीचा विषय होता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांना आजच लेखी निवेदन द्यावं.