खेळ या शब्दाच्या विरुद्ध काय?

प्रथम वर्षाच्या व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाखाली आम्ही ‘खेळ’ हा शब्द घातला आणि त्याची फळे भोगली. आदर्श उत्तर ‘काम’ असे ठरले होते. प्रत्यक्षात अभ्यास, भांडण, आराम, गांभीर्य अशी नाना उत्तरे आली. एका विद्यार्थ्याने ‘शेती’ लिहिले. तपासणीच्या टेबलावर थोडे हसू झाले आणि नियमाप्रमाणे त्याला शून्य गुण पडला. आज त्या शून्याविषयी आमची खात्री उरलेली नाही.

मुळात आमचे आदर्श उत्तरच कच्चे होते. मराठीत नट नाटकात ‘काम करतो’ आणि चित्रपटाचा तीनचा ‘खेळ’ असतो. तमाशाचा फड गावोगाव खेळ करतो, त्यात राबणारी माणसे रात्रभर कामच करीत असतात. एकच रात्र पाहणाऱ्याला खेळ आणि करणाऱ्याला काम असेल, तर हे दोन शब्द एकमेकांचे वैरी कसे म्हणावेत? ‘गांभीर्य’ हे उत्तर त्याहून बरे, पण तेही टिकत नाही. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने 1938 साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात हा प्रश्न नीट हाताळला आहे. गांभीर्य खेळाला बाहेर ठेवू पाहते, खेळ मात्र गांभीर्याला सहज पोटात घेतो, असे त्याचे म्हणणे. विटीदांडूत आऊट की नॉट आऊट यावरून रंगलेला वाद ज्याने ऐकला आहे, त्याला हे पटायला ग्रंथाची गरज नाही.

आमच्या मते उत्तर शोधायचे तर ‘खेळणे’ या क्रियापदाच्या मुलुखात जावे लागेल. खोलीत हवा खेळती असते, तिच्या उलट कोंदट. पाणी खेळते, नाहीतर साचते. व्यापारी खेळत्या भांडवलाविषयी बोलतो आणि त्याच्या उलट ‘पैसा अडकला’ म्हणतो. या प्रत्येक ठिकाणी खेळाच्या समोर उभे आहे ते अडकणे. मुलांच्या खेळातही हेच दिसते. ‘टाइमप्लीज’ म्हणून क्षणभर बाहेर पडण्याचा हक्क तिथे सर्वांना असतो. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून बाद होण्यापासून वाचवले जाते. डाव मोडता येतो आणि दिवेलागणीला घरी जाता येते. संसार आणि भातुकली यांत फरक आहे तो एवढाच. (भातुकलीतल्या स्वयंपाकाला मात्र कुणी नावे ठेवत नाही, हा दुसरा.)

आता ‘शेती’कडे येऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34वे सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखले जाते. त्यात एक जुगारी बोलतो. पुन्हा जायचे नाही असे तो ठरवतो, पण फाशांचा खळखळाट कानी पडताच त्याचे पाय तिकडे वळतात. बायको दुरावली आहे, घरचे लोक ओळख देत नाहीत. सूक्ताच्या अखेरीस त्याला फासे सोडून शेत कसण्याचा उपदेश केलेला आहे. म्हणजे खेळाच्या विरुद्ध शेती ही जोडी किती प्राचीन! आमच्या विद्यार्थ्याने हे सूक्त अर्थातच वाचलेले नव्हते. विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, खेळायला निघालं की वडील शेतात बोलावतात.” या उत्तरावर काय बोलावे?

पण गंमत पुढेच आहे, आणि ती फारशी गमतीची नाही. याच मुलाने शाळेत अर्थशास्त्राच्या धड्यात ‘भारतीय शेती हा मान्सूनचा जुगार आहे’ हे वाक्य पाठ केलेले असणार. आम्हीही केले होते. वैदिक कवीने जुगारातून सुटण्याची वाट म्हणून जिच्याकडे बोट दाखवले, तिलाच आपण जुगार म्हणू लागलो. बियाण्यात, खतात पैसा घालून आभाळाकडे पाहणाऱ्याला मध्येच ‘टाइमप्लीज’ म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्याला ‘गेमिंग’ म्हणतात ते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि पुढे पैशांवर रमी खेळवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षे त्या शब्दाच्या आडोशाला बसल्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना बंदी घातली. कायद्याने काय साधेल ते पुढे दिसेल. आमचा प्रश्न शब्दाचा आहे. त्याच्या आधीच्या वर्षी आमच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. परीक्षा शुल्काचे पैसे त्याने मोबाइलवर घालवले होते, ते भरून काढण्यासाठी आणखी घालवले होते. त्याचे मित्र सांगत, “सर, तो गेम खेळतो.” आम्हालाही ते ऐकून पोरखेळच वाटला. त्याला उठता येत नाही, हे त्या क्रियापदामुळे आमच्या लक्षात आले नाही. मुंबईच्या बोलीत ‘गेम करणे’ म्हणजे माणूस संपवणे, हा अर्थ आम्हा भाषेच्या शिक्षकांना ठाऊक असूनही आला नाही.

विभागाच्या पुढच्या बैठकीत तो प्रश्न वगळावा असे ठरले. आमच्यातील एकाचे मत पडले की प्रश्न ठेवावा आणि आदर्श उत्तर काढून टाकावे. ‘शेती’ला गुण द्यायचा का, यावर चहा येईपर्यंत वाद चालला. तो मुलगा तेव्हा सोयाबीनच्या काढणीसाठी गावी गेलेला होता.