'फ्रेंड्स'चं मुंबई व्हर्जन

चिखलोलीहून ऑफिस गाठायचं म्हणजे आधी रिक्षा, मग अंबरनाथहून लोकल. कानात हेडफोन मस्टच! सध्या माझ्या प्लेलिस्टमध्ये एकच गाणं तीनदा आहे: लेड झेपेलिनचं 'फ्रेंड्स'.

पहिलं १९७० चं, 'लेड झेपेलिन थ्री'मधलं. जिमी पेजची गिटार वेगळ्याच सुरांत लावलेली, सोबत जॉन पॉल जोन्सने बसवलेली व्हायोलिनं. ऐकताना वाटतं, इथे तबला हवा यार! १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट चक्क मुंबईत आले आणि इथल्या वादकांसोबत हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. ते रेकॉर्डिंग मात्र पडून राहिलं. १९९४ मध्ये 'नो क्वार्टर'साठी दोघांनी तेच गाणं पुन्हा काढलं, या वेळी इजिप्शियन वादकांसोबत. मुंबईचं व्हर्जन अधिकृतपणे आलं थेट २०१५ मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. तब्बल ४३ वर्षांनी!

आणि गाण्याच्या नावापुढे कंसात काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. बस्स! गाण्याला नवा रंग देणारी माणसं त्या दोन शब्दांत गुंडाळलेली.

आपणही प्रेझेंटेशनच्या शेवटी नुसतं 'टीम' लिहून मोकळे होतो ना? पुढच्या वेळी नावं लिहू या.