समाजमंदिराची किल्ली कोणाकडे?

सुगी आटोपून जरा उसंत मिळाली असेल, तर आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गावच्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते?

आठवावे लागले ना? आमच्या गावातही तीच गत होती. आत मांडवाच्या सतरंज्या, मोडक्या खुर्च्या आणि कोणाची तरी खताची पोती. दार उघडायचे ते जयंतीला आणि मतदानाला. एरवी पायरीवर कुत्री झोपायची.

मग गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. आमच्या आळीतले एक म्हातारबा घरात एकटेच राहतात. मुलगा-सून पुण्याला. एके दिवशी पहाटे ते न्हाणीत पाय घसरून पडले. दिवसभर दिसले नाहीत, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हैस का हंबरते म्हणून शेजारीण बघायला गेली, तेव्हा कळले. खुब्याचे हाड मोडले होते. म्हातारबा वाचले, पण दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा म्हणाले, "पडलो त्याचे काही नाही रे. माझी वाट बघणारे कोणीच नव्हते, एवढेच वाटले."

मंडळी, भरल्या गावात असे व्हावे?

पूर्वी पार होता, चावडी होती. कोण आला, कोण नाही आला, हे तिथे कळत असे. पण जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. पारावर बाईमाणूस बसत नसे, आणि सगळ्या आळ्यांना तिथे सारखी जागाही नव्हती. आजही कितीतरी गावांत समाजमंदिर एका वस्तीचे आणि देऊळ दुसऱ्या आळीचे, अशी वाटणी आहे. सगळ्यांनी बसायची जागा करायची, तर दार सगळ्यांना उघडे पाहिजे. ही पहिली अट.

एक जागा गावासाठी काय करते, ते राळेगण सिद्धीने दाखवले. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा यादवबाबांचे देऊळ पडके होते. त्यांनी स्वतःचे निवृत्तीचे पैसे त्याच्या दुरुस्तीला लावले. पुढे दारूबंदीचे आणि पाणी अडवण्याचे बोलणे त्याच देवळात बसून झाले. आधी बसायला जागा झाली, मग कामे झाली.

लेकरांचेही तसेच. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. माणूस जागेकडे येत नसेल, तर जागेने माणसाकडे जावे, हा त्यातला धडा.

आणि सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव तुम्ही ऐकले असेल. तिथे २०२२ सालापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला, की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी घरात बोलायचे. त्याला इमारत लागली नाही. सगळ्यांनी मिळून एक वेळ पाळली, एवढेच.

आम्हीही तेवढेच केले. बायकांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते; ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. आमच्याकडे ती खरोखर भरवली आणि विषय तिथूनच वर आला. पोती बाहेर निघाली. झाडलोटीच्या पाळ्या ठरल्या, त्यात सगळ्या आळ्यांची नावे. मग वेळा लावल्या. सकाळी म्हातारी माणसे येतात, एकजण पेपर मोठ्याने वाचतो. दुपारी बायका बचत गटाचा हिशेब करतात, आणि लहान लेकरे तिथेच म्हाताऱ्यांच्या पायात खेळतात. दिवेलागणीला शाळेची पोरे अभ्यासाला बसतात. बारावी झालेली एक मुलगी त्यांची गणिते तपासते. जेवणानंतर कधी भजन, कधी कपाशीवरच्या बोंडअळीवर बोलणे. ऐकायला तरणी पोरेही येऊ लागली.

भांडणे झाली नाहीत असे नाही. विजेचे बिल कोणी भरायचे, यावर दोन बैठका गेल्या. एका आळीची मंडळी महिनाभर फिरकलीच नाहीत. मग त्यांचीच पोरे अभ्यासाला येऊ लागली, आणि पोरांना न्यायला आईबाप आले. पोरांनी जे केले, ते आम्हा मोठ्यांना जमले नव्हते.

तुम्हाला करायचे असेल, तर फार पैसा लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. दिवसातला एकच तास आधी ठरवा आणि तो चुकवू नका. बायकांची वेळ बायकांनाच ठरवू द्या. आणि रोज येणारे माणूस दोन दिवस दिसले नाही, तर कोणीतरी घरी जाऊन बघायचे, एवढा नेम करा. बाकी सगळे त्यामागून येते.

आता किल्लीचे सांगतो. ती आम्ही म्हातारबांकडे दिली आहे. काठी टेकत ते रोज सकाळी आठला दार उघडतात. मागच्या महिन्यात एकदा साडेआठ झाले तरी कुलूप तसेच होते, तर चार माणसे त्यांच्या दारात उभी! म्हातारबांना नुसती सर्दी झाली होती. चहा घेऊन मंडळी किल्ली मागून परत आली.

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी तुमच्या गावची किल्ली शोधा. सापडली का, ते पत्राने जरूर कळवा.