धावत्या पायांची पादत्राणे

जून महिना उजाडला, की लक्ष्मी रस्त्यावरील पादत्राणांच्या दुकानांत आईबापांची झुंबड उडते आणि तीत एक वाक्य हटकून कानी पडते, ‘‘एक नंबर मोठाच द्या हो, पाय वाढताहेत!’’ गेल्या वर्षी हे वाक्य आम्हीही उच्चारले होते. प्रायश्चित्त मात्र आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजिवांस भोगावे लागले. शर्यतीच्या सरावास जावयाचे म्हटले, की त्याचे पोट दुखू लागे. आम्ही त्यास आळशी ठरविले, दोनचार वेळा बोललोही. पुढे एके रात्री पायमोजे काढताना त्याच्या आईच्या नजरेस पडले, की दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली आहेत. ‘‘बूट महाग आहेत ना, म्हणून सांगितलं नाही,’’ एवढेच तो म्हणाला.

नख काळे पडते ते बूट आखूड असल्यामुळे, अशी आमची समजूत होती. परंतु सैल बुटातही तेच घडते. टाच घट्ट धरलेली नसल्यामुळे प्रत्येक पावलागणिक पाय पुढे घसरतो आणि अंगठा टोकावर आपटतो. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे 1 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीच्या सुमारे निम्मी, एवढी जागा वाढीसाठी पुरे. इंग्रजी मापात एका नंबराचे अंतर एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. तेव्हा योग्य मापाहून एक नंबर वर गेलो, की ही मोकळी जागा जवळजवळ दुप्पट होते. काटकसर हा आपल्या घरांचा जुना गुण खरा. पण ती मुलाच्या पायांवर करू नये.

वडील मंडळी यावर म्हणतील, ‘‘आम्ही अनवाणीच धावलो, आमचे काय बिघडले?’’ त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. 1906 साली स्थापन झालेल्या आपल्या डेक्कन जिमखान्यावर पहिल्या महायुद्धानंतर ज्या शर्यती झाल्या, त्यांत खेड्यांतील तरुण अनवाणीच धावले. आणि त्यांचा वेग पाहूनच जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी चमू ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार बळावला. 1920 च्या अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले 19 वे आले. हबशी देशाचा अबेबे बिकिला याने तर 1960 साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली; चारच वर्षांनी टोकियोला तीच शर्यत त्याने बूट घालून जिंकली! यावरून आम्ही एवढेच समजतो, की वाईट बुटापेक्षा बूट नसलेला बरा. स्वच्छ हिरवळीवर मुलांस खुशाल अनवाणी खेळू द्यावे. परंतु पुण्याच्या आजच्या रस्त्यांवर डांबर, खडी आणि काचांचे तुकडे आहेत. तेथे बूट हवाच.

तो घेण्यास सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित फुगतो. खेळताना वापरावयाचे मोजे बरोबर न्यावेत. मुलास उभे करून दोन्ही पाय मोजावेत. ते क्वचितच अगदी सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. बूट हातांत घेऊन वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे; मधोमध दुमडणारा बूट परत करावा. टाचेमागची बाजू चिमटीत दाबली असता सहज चेपू नये. नाडी बांधून मुलास दुकानातच पळवावे. रंगाविषयी त्याचे मत घ्यावे, हट्ट धरला तर वादही घालावा. पण कोठे टोचते, या बाबतीत मात्र त्याचाच शब्द अखेरचा मानावा. थोरल्या भावाचे झिजलेले बूट धाकट्यास देण्याची चाल आम्हांस पसंत नाही, कारण आतल्या गादीवर थोरल्याच्याच पायाचा ठसा उमटलेला असतो.

दर तीन महिन्यांनी ती गादी बाहेर काढून मुलास तीवर उभे करावे. उरलेली जागा डोळ्यांनीच दिसते. पावसात भिजलेले बूट चुलीजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावेत. आठ ते चौदा वर्षांच्या धावणाऱ्या मुलांची टाच पुष्कळदा दुखते, कारण त्या वयात टाचेचे हाड वाढत असते. दुखणे हटत नसेल, तर दुसरे बूट घेण्याआधी डॉक्टरांस पाय दाखवावा.

या जूनमध्ये आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. दुकानदारांनी सवयीने एक नंबर मोठा जोड पुढे केला. तो आम्ही बाजूस सारला. दुसरा जोड घालून चिरंजीव दारापर्यंत धावत गेले, परत आले, आणि आमच्याकडे न पाहता आईस म्हणाले, ‘‘आई, टाच हलत नाही.’’