फळांचा चोथा आणि आपल्या वाड्यांच्या भिंती

फळांच्या सालींपासून बांधकामाचे साहित्य तयार होते, अशी बातमी मंडळातल्या तरुण मंडळींनी आम्हाला दाखवली. बातमी खरी आहे. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये संत्र्याची साल, केळे, कांदा, कोबी वाळवून त्यांची भुकटी केली आणि उष्णता व दाब देऊन पाट्या बनवल्या. चिनी कोबीची पाटी वाकवताना काँक्रीटच्या जवळपास चौपट मजबूत ठरली. भोपळा तेवढा नापास झाला!

आम्ही नोकरीभर कर्जाचे अर्ज वाचले, त्यामुळे आधी हिशेब सुचतो. फळांच्या कचऱ्यात बहुतेक पाणीच. ते उडवायला इंधन लागणार, आणि पाट्या घेणार कोण? आपल्या ग्वाल्हेरने वेगळी वाट धरली. लालटिपारा गोशाळेतल्या प्रकल्पाचे लोकार्पण २ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तिथे रोज १०० टन शेणापासून २ ते ३ टन बायो-सीएनजी करण्याची सोय आहे, आणि मंडीतला भाजी-फळांचा कचराही त्यात जातो. ओल्या कचऱ्याचा हा व्यवहार आम्हाला पटतो.

मात्र फळ आणि भिंत यांचे नाते जपानने जोडलेले नाही. आपल्याकडे चुना घाणीत मळताना त्यात गूळ, उडदाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालत. बेलाच्या बियांभोवतीचा चिकट डिंक चुन्याला धरून ठेवतो. लष्करातले आपले जुने वाडे दगड-चुन्याचेच. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती आत कोंडते. आम्हीही घराच्या मागच्या भिंतीला हौसेने सिमेंटचा गिलावा केला होता. तीन पावसाळ्यांत पोपडे धरले, आणि खालचा चुना हाताने सुटू लागला.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावर विसाव्या शतकात असेच काँक्रीट चढवले होते. २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात ते सुमारे दहा लाख किलो काढावे लागले. नवा थर पुन्हा चुन्याचाच दिला, फळांचा गर आणि गूळ घालून.

चुना महाग पडतो, सुकायला वेळ घेतो, आणि तो मळणारे गवंडी आता शोधावे लागतात. बँकेत असताना घरदुरुस्तीच्या एस्टिमेटमध्ये चुना लिहिलेला आम्ही कधी पाहिला नाही. का नाही, हेही कधी विचारले नाही. उन्हाळ्यात बेलाच्या सरबताच्या गाड्यांवर बियांचा चोथा बादल्या भरभरून फेकला जातो. मंडळाच्या ज्या कुटुंबांत यंदा वाड्याची डागडुजी निघणार आहे, त्यांनी सिमेंटची पोती मागवण्याआधी एखाद्या जुन्या गवंड्याला एकदा भिंत दाखवावी.