छंद सोडू नका, खिडकी उघडा

लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणे हा निव्वळ पोरखेळ आहे, असे मानणारे पालक माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतात. माझे मत वेगळे आहे. हा छंद चांगला आहे, हाताला आणि डोक्याला वळण लावणारा आहे आणि तो घरात चालू राहावा असेच मी सांगतो. मात्र त्यातल्या दोनतीन गोष्टी खरोखर घातक आहेत, आणि नेमके त्यांच्याकडेच कुणाचे लक्ष नसते. आईबाप ब्लेडला घाबरतात. बाटलीला कुणी घाबरत नाही.

ज्यांना या छंदाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे विमान उडत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे भाग डब्यात येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. जगभर सर्वांत जास्त चालणारे एक प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. आपल्या वायुसेनेचे नॅट विमान घ्या. १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों याच विमानातून श्रीनगरवर लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे पावणेसात मीटर. प्रतिकृतीत तो सव्वानऊ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे विमान तळहातावर मावते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. रंगात तेवढा एक ओरखडा राहिला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो पाच मिलिमीटरचा झाला! या हिशेबाने काम करणारे पोरगे आळशी आहे असे मला कुणी सांगू नये.

आपल्या भागात या छंदाला मुळेही आहेत. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर चंडीगडला निवृत्त झाली, ती पोरांनी मोबाइलवर पाहिली. ओझरच्या कारखान्यात आपल्याच महाराष्ट्रात ती बांधली जात, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. नंतर मात्र निदान दोन घरांत तरी मिगचे डबे आलेले मी पाहिले.

त्यातल्याच एका घरचे गृहस्थ आपल्या अकरावीतल्या मुलाला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, याले सांगा ना काही. रोज डोकं दुखते म्हणते, अन् रात्री बारापर्यंत ते विमान घेऊन बसते. मी तर ते सारं कन्हानमध्ये फेकून देतो." मुलगा खाली मान घालून बसला होता. डोळे तपासले, नंबर नव्हता. रक्तदाब ठीक, सायनसचा त्रास नाही. मग विचारले, "बाबू, बसतो कुठे?" कळले की थंडीचे दिवस, घरात हातमाग असल्याने जागा कमी, म्हणून माळ्यावरच्या छोट्या खोलीत, दार आणि एकुलती एक खिडकी बंद करून बसतो. रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला मोटार रंगवणाऱ्याकडून आणलेले थिनर, तेही उघड्या वाटीत! डोके सुटीच्या दिवशी, शेतावर गेला की दुखत नाही. निदान तिथेच झाले. मी म्हणालो, "भाऊ, विमान राहू द्या, वाटी फेका."

बाजारातल्या साध्या थिनरमध्ये बहुधा टोल्युइन नावाचे द्रव्य असते. त्याची वाफ श्वासातून रक्तात आणि तिथून मेंदूत जाते, कारण मेंदूत चरबीचा अंश मोठा आणि हे द्रव्य चरबीत विरघळणारे. थोड्या प्रमाणात डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, चिडचिड होते. मुद्दाम हुंगणाऱ्या व्यसनी पोरांमध्ये वर्षानुवर्षांनी चाल बिघडते, बोलणे अडखळते, स्मरण जाते. आणि एखाद्याचे हृदय हुंगताहुंगताच बंद पडते. आपल्या अकरावीतल्या मुलाचे तसे काही नव्हते, हे स्पष्ट सांगतो. पण वासाची एक गंमत आहे. दहा-पंधरा मिनिटांत नाकाला त्याची सवय होते आणि वास गेला असे वाटते. तो गेलेला नसतो. घरात बाहेरून येणाऱ्याला विचारा, तो खरे सांगेल.

तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. कापडाचा मुखवटा धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. तिला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. त्यापेक्षा सोपा उपाय आपल्या विदर्भात घरोघरी आहे, तो म्हणजे कूलर. कूलर पाठीशी ठेवा, समोरची खिडकी सताड उघडा आणि मध्ये टेबल लावा. वारा पाठीकडून येऊन वाफ समोर बाहेर नेतो. रंगवताना कूलरमध्ये पाणी घालू नका, नुसता पंखा चालवा, नाहीतर ओलाव्याने रंगावर पांढुरकी झाक येते आणि मग पोरगे रागावून पुन्हा खिडकी बंद करते. मे महिन्यात थिनर झपाट्याने उडते, तेव्हा बाटलीचे बूच क्षणभरही उघडे नको. शक्य असेल तर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच आणावेत. फवाऱ्याने मारायचे असतील तर तेही मोकळ्यावरच, कारण रंगाचे तुषार फुप्फुसात जाणे कधीच बरे नाही. मोटार गॅरेजमधला हार्डनर घालून मारायचा रंग तर घरात आणूच नये. त्यातल्या आयसोसायनेटने चांगल्या धडधाकट माणसाला दमा जडतो.

थिनर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिच्याबद्दल लिहिताना माझा तोल जातो. घरातले लहान मूल ती बाटली तोंडाला लावते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना ते फुप्फुसात उतरते आणि खरा धोका तिथे असतो. मुलाला आणि बाटलीला, दोघांनाही घेऊन सरळ दवाखाना गाठा. आणखी एक गोष्ट. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीतला गॅस किंवा देवघरातली समई तिला पुरते.

आता सुईचे. या छंदाचा खरा रस बारकाव्यात आहे. मिगच्या नाकावर एक लांब नळी असते, तिच्यावरून वेग मोजतात. प्लॅस्टिकची नळी जाड दिसते, म्हणून जगभरचे छंदी लोक इंजेक्शनची सुई वापरतात. कल्पना उत्तम आहे, खऱ्या धातूची चकाकी येते. पण एके दिवशी एक मुलगा माझ्या कंपाउंडरकडे "वापरलेल्या सुया द्या ना, फेकताच आहात" असे म्हणाला, तेव्हा मी त्याला आत बोलावून बसवले. वाळलेल्या रक्तातही कावीळ-ब चा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो. सुई उकळली, डेटॉलमध्ये बुडवली, तरी ती घरी नेण्यालायक होत नाही. दवाखान्याच्या कचऱ्यातली सुई बाहेर देणे डॉक्टरलाही कायद्याने मना आहे. औषधाच्या दुकानात नवी सुई काही रुपयांत मिळते. ती आणावी, टोक कानशीने घासून बोथट करावे, आणि उरलेला तुकडा जाड डबीत बंद करावा. त्या मुलाला मी नवी सुई विकत आणायला लावली. फुकट दिली नाही, याचा त्याला अजून राग आहे.

कॉकपिटमधली घड्याळे रंगवताना ब्रशचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय पुष्कळांना असते. ही सवय फार जुनी आणि बदनाम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या आणि उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावत, आणि ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, कित्येकजणी मेल्या. आपल्या रंगात रेडियम नाही, पण शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम असावी असा भारत सरकारचा नियम २०१७ पासून लागू आहे. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, कारखानी रंगांना नाही. पिवळ्या आणि नारिंगी छटांबाबत तर जास्तच जपावे. ब्रशचे टोक बोटांनी ओल्या कापडावर वळवले तरी तसेच होते.

किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. फेविक्विकसारखा गोंद बोटांना चिकटला तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसतो, म्हणून तो कापसाने पुसायला जाऊ नये. डोळ्यात गेला तर पापण्या ताणू नका, पाण्याने धुऊन डॉक्टरकडे या. ब्लेड अंगापासून दूर चालवावे. कापलेच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवावी. प्लॅस्टिक घासताना पॉलिशपेपर ओला ठेवावा, धूळ उडत नाही. आणि मुलांनी दिवसाउजेडी तासभर तरी अंगणात खेळावे. सतत जवळचे पाहणाऱ्या मुलांना चष्मा लवकर लागतो आणि बाहेरचा उजेड त्याला आळा घालतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे.

चाळिशीनंतरच्या मंडळींचा प्रश्न वेगळा. वाचायचा चष्मा साधारण चौदा-सोळा इंचांवरचे दिसावे म्हणून करतात. विमानाचे काम आठ-दहा इंचांवर चालते. म्हणून चष्मा करताना "मी इतक्या अंतरावर काम करतो" असे टेपाने मोजून सांगावे. आपल्या खाप्यातल्या जुन्या विणकरांना हे सांगावे लागत नसे. तुटलेला धागा जोडता येत नाही असे झाले की ते आपणहून डोळे दाखवत.

हाताचेही तसेच आहे. वायुसेनेतून निवृत्त झालेले एक काकाजी माझे रुग्ण आहेत. आयुष्यभर खऱ्या विमानांची देखभाल केली, आता छोटी करतात. एकदा सहज म्हणाले, "उजवा हात रंगवताना मागे पडतो हो. अक्षरही बारीक व्हायला लागलंय." घरच्यांनी वयावर घातले होते. मी त्यांना खुर्चीवर निवांत बसवले, तर मांडीवर ठेवलेला उजवा हात हलत होता आणि वस्तू धरली की थांबत होता. चहा जास्त झाल्याने, झोप कमी पडल्याने, थायरॉइडने किंवा दम्याच्या औषधाने येणारी थरथर काम करताना वाढते. ही उलटी होती. मग विचारले, "काकाजी, थिनरचा वास त्रास देत नाही ना?" ते म्हणाले, "वास? मला तर दोन वर्षं कशाचाच वास येत नाही." सर्दीने, कोरोनानेही वास जातो, सतत थिनर हुंगूनही तो मंदावतो. पण हळू पडलेला हात, बारीक झालेले अक्षर आणि गेलेला वास हे तिन्ही एकत्र आले की डॉक्टरने पार्किन्सन्सचा विचार करायलाच हवा. नागपूरला मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पाठवले आणि निदान पक्के झाले.

त्यांची मुले म्हणाली, आता हे विमानांचे बंद करूया, हात चालत नाही, उगाच मनाला लागेल. मी नको म्हटले. बारीक काम केल्याने हा आजार बरा होत नाही, पण हात वापरता राहतो, आणि सकाळी उठायला कारण असते. टेबल छातीपर्यंत उंच करून दोन्ही कोपर टेकवायला सांगितले, आणि एकास बहात्तरऐवजी एकास अठ्ठेचाळीसचे मोठे डबे आणायला. त्यांच्या गोळीचा असर अर्ध्यापाऊण तासाने दिसू लागतो. तेव्हा सकाळी आठची गोळी घेतात, नाश्ता करतात, आणि नऊ वाजता खिडकीपाशी बसून कॉकपिट रंगवतात. पंख आणि पोट यांसारखे ढोबळ काम दुपारी.